पत्रकं रद्दीत घालू नका : जनगणना आयुक्तांना नागपूरहून खुलं पत्र

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : २०२७ च्या जनगणनेतली कुटुंबनिहाय माहिती नष्ट न करता शंभर वर्षं मोहोरबंद ठेवण्याबाबत.

महोदय,

१९८१ च्या फेब्रुवारीत मी आपल्या खात्याचा माणूस होतो. म्हणजे पगार शाळेचा, आणि वीस दिवसांपुरता प्रगणक. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे मुख्याध्यापकांनी यादीत नाव घातलं तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती. पुढे १९९१ ला गेलो, २००१ लाही गेलो. तीन जनगणना मिळून दोन हजारांच्या वर माणसं मी माझ्या हातानं कागदावर उतरवली. त्या कागदांबद्दलच आज लिहितो आहे.

पहिल्या वेळी माझ्या वाट्याला तांडापेठेतला एक गट आला. दीडशेच्या आत घरं, सातशेच्या आसपास माणसं. आधी नजरी नकाशा काढायचा, विहीर कुठे, देऊळ कुठे, बोळ कुठे संपतो. मग घरांना नंबर टाकायचे, मग पत्रक घेऊन दारात उभं राहायचं. बहुतेक घरांत माग होता. खड्ड्यात पाय सोडून माणूस विणतोय, बाजूला बायको कांड्या भरतेय, आणि मी त्या खटखटीत ओरडून विचारतोय : वय? शिक्षण? जन्म कुठला?

एका घरात नुसती एक म्हातारी आणि तिचा आठ-दहा वर्षांचा नातू होता. कुटुंबप्रमुख तीच. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाशी धरून म्हणाली, "नाव कसं घेऊ बाप्पा? तुम्हीच लिवा."

मी म्हटलं, मी काय लिहू, मला काय माहीत.

"अवो, जो पहाटेले निघते अन् सांजेले बुडते, त्याचं नाव होय."

मी एक नाव म्हणून दाखवलं. नातवानं मान हलवली. ते लिहिलं.

या म्हातारीसाठी आपल्या कायद्यात जागा ठेवलेली आहे, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. १९४८ च्या जनगणना अधिनियमाचं कलम ८ : रूढीनं जे नाव घ्यायला मनाई आहे ते, नवऱ्याचं असो की वारलेल्या नवऱ्याचं, सांगायची सक्ती कुठल्याही बाईवर नाही. आणि घरातल्या बायकांची नावं सांगायची सक्ती कुणावरच नाही. ते वाचून दाखवलं तेव्हा आम्ही सगळे मास्तर हसलो होतो. कलम १५ सुद्धा वाचून दाखवलं होतं. जनगणनेची नोंद पाहायचा हक्क कुणालाही नाही, आणि या कायद्याखालचा खटला सोडला तर ती पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. ते मात्र तेव्हा कानावरून गेलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतपासणी झाली, मी पत्रकं सुतळीनं बांधून चार्ज ऑफिसात जमा केली, पावती घेतली आणि मोकळा झालो.

ते गठ्ठे पुढे कुठे गेले असतील, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. आमच्या घराण्याचा शोध घ्यायला लागलो तेव्हा.

माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. पणजोबा पवनीचे. हातमाग सोडून नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये आले. मिल १८७७ ची, हे आले त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी. त्यांचं नाव वडिलांनी सांगितलेलं होतं. आजोबांचं तर माहीतच. पण पणजी 'पिलेगात गेली' एवढंच. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांच्या तोंडी ती 'माय' होती आणि मायला नाव असतं हे नऊ वर्षांच्या पोराला कशाला सुचेल? पुढे कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं? आजोबा मी मॅट्रिकला असेपर्यंत होते.

१९०१ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या १,२७,७३४ होती. १९११ मध्ये ती १,०१,४१५ भरली. दहा वर्षांत सव्वीस हजार माणूस कमी. प्लेगाच्या साथींची ती वर्षं. लोक शहर सोडून वावरात झोपड्या बांधून राहत, असं आजोबा सांगायचे. या सव्वीस हजारांत मेलेले किती आणि झोपडीत जाऊन वाचलेले किती, ते वेगळं काढता येत नाही. पण एवढं मला कळतं की पहिल्या आकड्यात माझी पणजी आहे आणि दुसऱ्यात नाही. १ मार्च १९०१ च्या रात्री कंदील घेऊन कुणीतरी, बहुधा माझ्यासारखाच एखादा मास्तर, त्या घरापर्यंत गेला असणार. त्यानं विचारलं असणार आणि कुणीतरी सांगितलं असणार. किंवा पदर तोंडाशी धरून नुसतं सुचवलं असणार. कागदावर ती एकदाच आली आणि तो कागद सरकारनं आकडे काढून झाल्यावर संपवून टाकला.

त्या १९०१ च्या मोजणीचे मध्य प्रांतातले अधीक्षक आर. व्ही. रसेल. त्यांनी आणि रायबहादूर हिरालाल यांनी पुढे १९१६ मध्ये या प्रांतातल्या जातीजमातींवर चार जाड खंड काढले. कोष्ट्यांचं, म्हणजे आम्हा विणकरांचं, सगळं त्यात आहे. शिरगणती करणाऱ्यांना आमच्याबद्दल कुतूहल नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण ते जातीबद्दल होतं. बाईचं नाव त्यांच्या कामाचं नव्हतं, माझ्या कामाचं होतं.

आता कुणी म्हणेल, वंशावळीच हव्यात तर कुलवृत्तांत आहेत, त्र्यंबकेश्वर-काशी-गयेच्या उपाध्यायांच्या वह्या आहेत, भाटांची बाडं आहेत. आहेत ना. ज्यांच्या पूर्वजांना वतन होतं, सनद होती, निदान गयेपर्यंत जायचं रेल्वेभाडं होतं, त्यांची आहेत. भोसल्यांच्या दरबारात ज्याचं काम पडलं त्याचं नाव मोडीत कुठेतरी सापडेल. मागावर बसणाऱ्याचं, मिलमध्ये साचे चालवणाऱ्याचं, शेतमजुराचं, भांडी घासणाऱ्या बाईचं नाव राजाच्या नावाच्या रांगेत, त्याच शाईनं, तेवढ्याच जागेत लिहिणारी एकच वही या देशात होती, ती म्हणजे खानेसुमारीची. मध्य प्रांतात ती १८६६ पासून होते आहे, म्हणजे १८७२ च्या पहिल्या अखिल भारतीय प्रयत्नाच्याही आधीपासून. इतक्या वेळा आमची घरं मोजली गेली आणि आमच्या हाती उरले ते तालुकावार तक्ते.

विदर्भातल्या कुठल्याही घरात विचारा, जुना कागद शोधणं म्हणजे काय असतं. घरात एखादं पोर बारावीला आलं की जातवैधतेसाठी धावपळ सुरू होते. अनुसूचित जातीचा असेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. मग कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, बंदोबस्ताच्या वेळचं अधिकार अभिलेख. माझ्या पुतणीसाठी मी स्वतः एका जुन्या शाळेच्या माळ्यावर चढलो होतो. जे रजिस्टर हवं होतं त्याची पानं वाळवीनं अशी खाल्ली होती की वर उचलल्यावर भुगा झाला. शिपाई म्हणाला, "कालच आले असते तर..." वाळवीला काल आणि आज काय! २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध निघाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, जिल्ह्याजिल्ह्यात दप्तरं उघडली गेली. आणि हैदराबाद गॅझेटियरवरून जो वाद झाला त्यात कळीचा मुद्दा हाच होता की गॅझेटियरात संख्या असते. अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके. त्या इतक्यांतला माझा आजा कोणता, हे संख्या सांगत नाही.

माझी मागणी मात्र जातपडताळणीसाठी नाही, हे आधीच सांगतो. जनगणनेची पत्रकं पुरावा म्हणून चालू नयेत, हे कलम १५ चं म्हणणं मला मान्य आहे. माझा आक्षेप त्या कलमाला मुदत नाही याला आहे. इंग्लंडमध्ये ही मुदत शंभर वर्षांची. १९२१ ची पत्रकं त्यांनी जानेवारी २०२२ मध्ये लोकांसाठी खुली केली. अमेरिकेत बहात्तर वर्षं. १९५० ची त्यांनी १ एप्रिल २०२२ ला उघडली. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची पत्रकं घरबसल्या फुकट पाहता येतात. आपल्याकडे पणतूलाही नाही आणि त्याच्या पणतूलाही नाही. आणि ज्या वहीत कुणालाच कधी डोकावता येणार नाही, ती जपायचं कारण खात्याला तरी कुठून सापडणार?

एक गोष्ट मला फार दिवस छळते आहे. इंग्लंडची १९२१ ची मोजणी १९ जूनच्या रात्रीची. त्या दिवसांत बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि चांगलंच केलं. त्या रात्री ते ज्या कुठल्या छपराखाली झोपले असतील त्या घराच्या पत्रकात त्यांचं नाव, वय, जन्मस्थान असणार, आणि ते पत्रक आज कुणालाही पैसे भरून पाहता येतं. त्याच वर्षी, तीनच महिने आधी, १८ मार्चला इथे आपल्याकडेही मोजणी झाली. रमाबाई तेव्हा मुंबईत होत्या. त्यांच्या चाळीचं पत्रक बघायला मिळेल का हो?

आणि नागपुरातून लिहितो आहे म्हणून हेही. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध म्हणून नोंदवलेली माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजार. मधे १४ ऑक्टोबर १९५६ होता. हा आकडा आम्ही शाळेत शिकवतो, भाषणांत ऐकतो. इंदोऱ्यात राहणारे माझे एक सहकारी शिक्षक सांगायचे, की १९६१ ला प्रगणक दारात आला तेव्हा त्यांच्या आजीनं त्याला पेन उचलायच्या आधीच बजावलं होतं, "धरम नीट लिवजो. बौद्ध." तो लिहीपर्यंत ती उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं नातवाकडून तो रकाना वाचून घेतला. सत्तावीस लाखांतला प्रत्येक एकडा असा कुणीतरी कुणाच्या तरी दारात उभं राहून लिहून घेतलेला आहे. त्या नातवाला, म्हणजे माझ्या सहकाऱ्यांना, मरेपर्यंत एकच इच्छा होती, तो रकाना पुन्हा एकदा पाहायची. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांच्या आजीआजोबांनी सरकारी कागदावर पहिल्यांदा स्वतःचं नवं नाव सांगितलं, तो कागद इतिहास नाही तर काय आहे?

भीतीचं बोलायला हवं. ती खोटी नाही. आसामात १९५१ च्या जनगणनेवरून तयार केलेली नागरिकांची नोंदवही टिकली, आणि पुढे तीच पूर्वजांचं नाव दाखवण्याचा आधार ठरली. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीबाहेर एकोणीस लाखांवर माणसं राहिली. ज्यांना आजोबांचं नाव त्या वहीत सापडलं ते वाचले, ज्यांच्या नावाची इकार-उकारात गडबड झाली त्यांचे हाल झाले. अमेरिकेत १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबताना जनगणना खात्याचे मोहल्लावार आकडे कामी आले होते. नाव जपलं की ते नाव कुणाच्या हाती लागेल, हा प्रश्न येतोच. २०११ नंतर दारात कागद घेऊन आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे. मोमीनपुऱ्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला सरळ विचारलं, "सर, खरं सांगावं का?" मी सांगितलं, सांग. पण ते सांगताना माझा आवाज १९८१ सारखा ठाम नव्हता.

म्हणून मी उघडी वही मागत नाही. बंद पेटी मागतो. अशी, की शंभर वर्षं ती ना पोलिसाला उघडता यावी, ना कर खात्याला, ना आपल्याच गृह मंत्रालयाला. आणि हे आश्वासन म्हणून नको, कायद्यात कलम म्हणून हवं. शंभर वर्षांनी त्या पत्रकातलं बहुतेक कुणी हयात नसेल, तेव्हा ती आपोआप उघडावी. ज्याला तेही नको असेल त्याला नकार देता यावा. ऑस्ट्रेलियानं २००१ पासून हेच केलं. आधी ते आपल्यासारखेच सगळी पत्रकं नष्ट करत, मग त्यांनी प्रत्येक माणसाला विचारायला सुरुवात केली : तुमची माहिती नावासकट ९९ वर्षं जपून ठेवू का? हो म्हणणाऱ्यांची ठेवली. आयर्लंडवाल्यांनी तर २०२२ च्या पत्रकात एक रिकामी चौकट दिली, शंभर वर्षांनंतरच्या माणसांसाठी काय लिहायचं ते लिहा म्हणून. (आमचे नागपूरकर त्या चौकटीत मे महिन्याचा पारा लिहून ठेवतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.)

पूर्वी कागदाचा ढीग ठेवायला गोदामं कुठून आणायची, असं म्हणता येत होतं. २०२७ ची मोजणी मोबाइलवर होणार, लोक स्वगणनाही करणार. सुतळी नाही, गठ्ठे नाहीत, वाळवी नाही. तेव्हा हे कारण आता उरलेलं नाही. दुसरा धोका आहे तो वेगळाच. माझ्या कपाटात २००१ सालच्या फ्लॉपी आहेत. त्यांच्यात मुलांच्या सहामाहीचे निकाल आहेत आणि त्या लावायला घरात यंत्र नाही. शंभर वर्षं टिकवायचं तर दर दहा वर्षांनी कुणीतरी ती माहिती नव्या साच्यात ओतली पाहिजे, आणि ते काम राष्ट्रीय अभिलेखागाराच्या गळ्यात आजच घातलं पाहिजे. २००१ आणि २०११ ची पत्रकं आपण यंत्रानं स्कॅन केली होती. त्या प्रतिमांचं काय झालं, हे खात्यानं एकदा जाहीर सांगावं. असतील तर जपाव्यात. त्यांत माझं अक्षर आहे, आणि ते तेव्हा बरं होतं.

आणखी एक, लहानसं. बाईच्या नावापुढे माहेरच्या नावासाठी एक रकाना ठेवा. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहायचे आणि जुनं त्या तांदळात मिसळून जायचं. माझ्या आईचं माहेरचं नाव मला तिच्या दहाव्याला मामाच्या तोंडून कळलं. २०२७ साठी प्रश्न ठरले असतील, छापून झाले असतील, तर निदान भरलेल्या माहितीची एक प्रत त्या कुटुंबाला मिळेल असं तरी करा. कायदा काही का असेना, माझी माझ्याबद्दलची माहिती मला परत द्यायला कशाची आडकाठी असावी? ती प्रत मी कपाटात घरपट्टीच्या पावत्यांशेजारी ठेवीन. नातवंडं बघतील तेव्हा बघतील.

१९८१ च्या त्या नजरी नकाशाचा कच्चा कागद माझ्याकडे राहून गेला आहे. त्यावर कुणाचं नाव नाही, नुसते चौकोन आणि नंबर आहेत, तेव्हा माझ्यावर खटला भरायची वेळ येऊ नये. मागच्या दिवाळीत तो घेऊन तांडापेठेत फिरलो. विहीर बुजवलेली, देवळाला टाइल्स लागलेल्या, त्या म्हातारीच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आणि खाली मोबाइलचं दुकान. दुकानदाराला विचारलं, तो दुसरीकडून आलेला. तिचा नातू आता पन्नाशीचा असेल, कुठे गेला कुणाला माहीत नाही.

तिचा उखाणा मला अजून शब्द न् शब्द आठवतो. त्यावर मी काय लिहिलं ते आठवत नाही. सूर्यभान लिहिलं की भानुदास की दिनकर. पोरानं मान हलवली होती, म्हणजे बरोबर असणार. पत्रकात ते अगदी स्वच्छ अक्षरात होतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व माजी प्रगणक,
नागपूर